मला पत्ता सांगू नका

सरकारनं ते ॲप बंद केलं तेव्हा बाकीच्यांसारखी सिंधूनंही मान डोलावली होती.

तिला ते पटायला कारणही होतं. एका मोठ्या प्रवेश परीक्षेचा पेपर फुटला होता आणि तो लातुरात शिकवण्या लावलेल्या पोरांपर्यंत मोबाइलवरून पोचला होता. सिंधूच्या दिराचा मुलगा शिवांश लातूरला खोली करून शिकत होता. परीक्षा रद्द झाली तसा तो गावाकडं येऊन भिंतीकडं तोंड करून पडला, धड जेवेना. घरातली सगळी माणसं त्या फोडणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होती.

टीव्हीवर रोज तेच चालायचं. पेपर ज्या ॲपवरून फिरला त्या कंपनीला सरकारनं विचारलं, पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगा. कंपनी म्हणाली, निरोप पाठवणाऱ्याच्या फोनात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनातच उघडतो, मधे आम्हालासुद्धा दिसत नाही. सरकार म्हणालं, मग दिसेल असं करा. कंपनी म्हणाली, एका कुलपासाठी किल्ली केली की ती सगळ्यांच्याच कुलपांना लागेल. कोर्टात तारखा पडत राहिल्या. शेवटी हुकूम निघाला, कंपनी ऐकत नाही तोवर लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत ॲप बंद.

"बरं केलं," सिंधूचा नवरा ग्यानोबा ताटावर बसल्या बसल्या म्हणाला. "ज्याला काई लपवायचं न्हाई त्याला कुलूप कशाला पायजे?"

सिंधूनं भाकरी वाढत मान हलवली. मग टीव्हीवर त्या ॲपचं चिन्ह आलं, निळ्या गोलातलं पांढरं पाखरू. ते बघून तिचा हात ताटावरच थांबला. ॲपचं नाव तिला कधीच ठाऊक नव्हतं, पण ते पाखरू ती रोज बघत होती.

त्या पाखरापलीकडं तिची लेक होती.

दीपमाला नर्सिंग शिकायला लातूरला गेली. तिथल्या एका दवाखान्यात तिला सुगत भेटला. तो लॅबमध्ये काम करायचा, बौद्ध घरातला, शांत पोरगा. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. जळकोट तालुक्यातल्या त्या गावात ग्यानोबाचं घर मोठ्या शेतीचं आणि मानाचं. बातमी आली त्या दिवसापासून ग्यानोबानं लेकीचं नाव तोंडातून काढलं नाही. तिचा थोरला भाऊ आदिनाथ मात्र रोज काढायचा. त्याचं जळकोटला खताबियाण्याचं दुकान होतं, चार माणसांत ऊठबस होती. एकदा का दोघं सापडली की पुढं काय करायचं ते तो चुलतभावांना घेऊन उघड बोलायचा. गावात त्याला कुणी अडवत नव्हतं.

लग्नानंतर दीपमालानं एका सरकारी दफ्तरात संरक्षणासाठी अर्ज केला होता. अर्जावरचा पत्ता आठवड्याच्या आत आदिनाथच्या हातात आला. दोघं त्या खोलीतून निसटली ती कशीबशी, अंगावरच्या कपड्यांनिशी. तेव्हापासून दीपमालानं कुणालाच काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. आईलासुद्धा नवा नंबर दिला नाही. आदिनाथच्या ओळखीचा एक माणूस होता, नंबर दिला की फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते सांगायचा. तो कुठल्या दफ्तरात होता ते सिंधूला कधी कळलं नाही.

मायलेकींची गाठ घालून दिली ती उजमानं. जळकोटच्या बाजारात तिच्या वडिलांचं जुनं शिलाईचं दुकान होतं आणि ती दीपमालाच्या वर्गातली. सिंधू ब्लाउज शिवायला टाकायला गेली तेव्हा उजमानं दुकानाच्या मागच्या बाजूला बसवून तिच्या फोनात ते निळं ॲप घातलं. म्हणाली, काकी, यात नंबर दिसत नाही, लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपोआप पुसलं जातं. तुमच्या पोरानं फोन हातात घेतला तरी त्याला काही मिळणार नाही.

त्या दिवसापासून सिंधू रोज दुपारी, घर निजलं की, लेकीशी बोलायची. आदिनाथ कुठल्या गावाला जाऊन आला, कुणाला फोन केला, हे ती लिहून पाठवायची. दीपमाला पोटुशी राहिली ते तिला तिथंच कळलं. कुठं राहतात ते मात्र दीपमालानं सांगितलं नाही आणि सिंधूनं विचारलं नाही.

आता ॲप उघडलं की नुसतं गोल फिरत होतं. सिंधू त्याच दुपारी जळकोटला गेली. उजमानं फोन बंद करून चालू केला, दुसरीकडून वळसा घालून ॲप उघडायची एक युक्ती करून पाहिली. फोन जुना होता, जमलं नाही. शिवाय तिकडं दीपमालानंही तसं केलेलं असायला हवं होतं.

"वरूनच बंद केलंय, काकी," उजमा म्हणाली. "उघडतील दोन-चार दिवसांत. सबर करा."

सिंधू सबर करायला तयार होती. पण दुसऱ्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, आदिनाथ घरी आला तो चपला न काढताच बापासमोर बसला. गावातला एक माणूस आपल्या आजारी बापाला घेऊन नांदेडला गेला होता. विष्णुपुरीला मोठ्या दवाखान्यासमोरच्या एका खासगी लॅबमध्ये रक्त द्यायला गेला, तर सुई टोचणारा सुगत, आदिनाथनं गावभर फोटो फिरवला होता तोच. माणसानं ओळख दाखवली नाही, गावात येऊन थेट आदिनाथला गाठलं. आदिनाथ म्हणाला, उद्या खताचा ट्रक उतरवून घ्यायचा आहे, परवा सकाळी गाडी काढतो, त्यालाच सोबत नेतो लॅब दाखवायला.

सिंधू चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. एरवी तिनं मोरीत जाऊन चार शब्द लिहिले असते आणि लेक तासाभरात खोली सोडून गेली असती. फोन तिच्या कमरेलाच होता. तिनं मोरीत जाऊन तो काढला, पाखरावर बोट दाबलं. गोल फिरत राहिलं. ती परत परत दाबत राहिली, बाहेरून ग्यानोबानं हाक मारेपर्यंत.

सकाळी तिनं कंधारच्या बहिणीला बरं नाही म्हणून सांगितलं आणि पिशवी उचलली. निघताना फोन मुद्दाम फडताळावर ठेवला. फोन सोबत असला की माणूस कुठं आहे ते कळतं, हे लेकीनंच तिला शिकवलं होतं. आपल्यामागून आदिनाथला वाट सापडायला नको.

जळकोटहून नांदेडची एसटी मिळाली. कंधार आलं तेव्हा तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खिडकीपासून तोंड फिरवलं. एकटीनं नांदेडला ती कधी गेली नव्हती. गुरुद्वाऱ्याला गेली होती ती नवऱ्यासोबत, लग्नानंतर. उतरल्यावर विष्णुपुरीचा ऑटो कुठं मिळतो ते विचारतानासुद्धा तिला वाटत होतं की ज्याला विचारलं तो प्रत्येक माणूस उद्या आदिनाथला सांगणार आहे.

दवाखान्यासमोर लॅबांची रांगच होती. पहिल्या लॅबमध्ये सुगत नावाचं कुणी नव्हतं. दुसऱ्यात काउंटरवरच्या मुलीनं आत हाक मारली आणि पांढऱ्या कोटातला एक पोरगा बाहेर आला. सिंधूनं त्याचा फोटो पाहिला होता. तिनं त्याला बाजूला घेतलं.

"मी दीपमालाची माय. सिंधू."

त्यानं तिच्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहिलं, उभ्या गाड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "कोण दीपमाला? तुमची गल्लत होऊन राहिली, मावशी. मी तो न्हाई."

तिनं सांगितलं की आदिनाथ उद्या येतोय, ॲप बंद पडलं म्हणून स्वतः आले. तो नुसता मान हलवत मागं सरकत होता. त्याच्या जागी तिनंही तेच केलं असतं. दोन दिवस आईचा निरोप नाही आणि तिसऱ्या दिवशी आई दारात, यात कुणालाही डाव दिसला असता. काउंटरवरची मुलगी आता त्यांच्याकडंच बघत होती. सिंधूनं हात जोडले तरी तो वळून आत निघाला.

"तिला भाजकी माती खावी वाटती," सिंधू त्याच्या पाठीला म्हणाली. "तू चोरून आणून देतोस. मी रागावले व्हते तिला, पोटात जंत व्हतील म्हणून. तू परत आणून दिलीस. बाळ डाव्या अंगाला लाथा मारतं, ती त्या कुशीवर झोपत न्हाई. अजून काय सांगू?"

सुगत थांबला. त्यानं कोट काढला, काउंटरवर टाकला आणि मुलीला काही न सांगता मोटारसायकलीची किल्ली घेऊन बाहेर आला.

त्याच वेळी घरी काय झालं ते सिंधूला नंतर कळलं. दोन दिवस आईचा शब्द आला नाही म्हणून दीपमालाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ॲप सगळ्यांचंच बंद आहे हे तिला बातम्यांतून ठाऊक होतं, तरी मनात यायचं की आपलं बोलणं पकडलं गेलं, आईला कोंडून ठेवलं, मारलं. शेवटी तिनं स्वतःच घातलेला नियम मोडला आणि आईचा पाठ असलेला नंबर लावला.

फडताळावरचा फोन ग्यानोबानं उचलला.

"माय? माय, तू बरी हायेस ना? बोल की."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं लेकीचा आवाज ऐकला. तो फोन कानाला धरून नुसता उभा राहिला. पलीकडून श्वास ऐकू येत होता, मग फोन कटला. त्यानं तो जागेवर ठेवला. आलेला नंबर पुसता येतो हे त्याला ठाऊक होतं, कसा पुसायचा ते ठाऊक नव्हतं. तो बराच वेळ फोन हातात घेऊन बटणं दाबत बसला होता, असं सिंधूची जाऊ म्हणाली. आदिनाथ दुपारी जेवायला आला आणि मायचा फोन घरी कसा म्हणून त्यानं तो हातात घेतला. "राँग नंबर व्हता," ग्यानोबा न विचारताच म्हणाला. आदिनाथनं बापाकडं पाहिलं आणि कंधारच्या मावशीला फोन लावला. सिंधू तिकडं आलीच नव्हती. मग त्यानं नंबर त्या ओळखीच्या माणसाला पाठवला. उत्तर आलं, विष्णुपुरी. खताचा ट्रक तसाच दुकानापुढं सोडून त्यानं गाडी काढली.

सुगत तिला घेऊन गेला ते घर धरणाच्या अलीकडच्या वस्तीत होतं. खाली मोहियोद्दीन ऑटोवाला आणि त्याची बायको अख्तरी राहायची, वरच्या पत्र्याच्या खोलीत ही दोघं. दीपमाला जिन्यात बसली होती. ती इतकी फुगली होती आणि तोंड इतकं वाळलं होतं की सिंधूला क्षणभर ओळखू आली नाही. दीपमाला उठलीसुद्धा नाही. बसल्या जागी तिनं आईच्या कमरेला मिठी मारली आणि पोटात तोंड खुपसलं.

मग तोंड वर करून म्हणाली, "तुला फोन केला व्हता मी. कुणी तरी उचलला. बोललं न्हाई."

सिंधूनं तिचे खांदे धरले. "कोणत्या नंबरवरून?"

"याच."

सुगतनं बायकोच्या हातातून फोन घेतला, सिम काढलं. आता उद्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सिंधूनं मनातल्या मनात जळकोट ते विष्णुपुरी रस्ता मोजला आणि तो तिला फार थोडा वाटला. अख्तरी न सांगताच वर गेली आणि पिशव्या भरू लागली. मोहियोद्दीनला जेवणावरून उठवलं. त्यानं एकच विचारलं, स्टेशन का बसस्टँड?

सुगत उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच सिंधूनं त्याचा दंड धरला.

"माझ्यापुढं बोलू नका. मला पत्ता सांगू नका. कुठं जाता, कुणाकडं जाता, काई नको."

"माय, तू चल ना संग," दीपमाला म्हणाली.

"मी आले तर ते माझ्या मागं येतील. बायको गेली म्हणून तुझा बाप पोलिसात जाईल, सगळा जिल्हा हुडकायला लागंल. मी हितंच बसते."

"मग तुला कळणार कसं? बाळाचं कळणार कसं? ते ॲप कवा चालू व्हईल ते कुणाला म्हाईत?"

सिंधूनं गळ्यातली पोत काढली, लेकीच्या हातात कोंबली आणि तिला ऑटोत बसवलं. दीपमालाला पाय वर घेता येईना तेव्हा तिनं स्वतः वाकून ते उचलून आत ठेवले. ऑटो गल्लीच्या तोंडाशी कोणत्या बाजूला वळतोय ते दिसू नये म्हणून ती पाठ करून उभी राहिली. आवाजावरून कळू नये म्हणून तिनं कानांवर हात ठेवले. अख्तरीनं तिला आत नेलं, पाणी दिलं, आणि दोघी बायका दाराकडं बघत बसल्या.

ऊन कलायच्या आधी गाडी आली. लॅबमधून पत्ता मिळाला होता. आदिनाथबरोबर दोन चुलतभाऊ होते. ते जिन्यावरून धडधडत वर गेले, रिकामी खोली बघून खाली आले. एकानं अख्तरीला शिवी दिली. आदिनाथ आईसमोर उभा राहिला.

"कुठं हाय ती?"

"गेली."

"कुठं गेली?"

"मला म्हाईत न्हाई. मी इचारलंच न्हाई."

"खोटं बोलून राहिलीस तू, माय."

"मारून बघ," सिंधू म्हणाली. "माझ्या पोटात असंल तर निघंल. त्याच पोटातून तुम्ही दोघं निघालात."

आदिनाथचा हात वर गेला होता. तो तसाच राहिला. मग त्यानं तो शेजारच्या पत्र्यावर मारला, बोटं फुटली, रक्त आलं. अख्तरीनं आतून फडकं आणून पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही. चुलतभावांना स्टेशनवर आणि बसस्टँडवर पाठवलं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून राहिला. भाऊ रिकाम्या हातांनी परत आले.

घरी आल्यावर आदिनाथनं तिचा फोन स्वतःकडं घेतला. तो पुढं कितीतरी दिवस त्या नंबरचा टॉवर विचारत राहिला. सिम विष्णुपुरीनंतर कुठंच लागलं नाही.

सिंधूला कुणी मारलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. सून ताट सरकवून जायची. गावातल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलवेनात. तिला त्याचं फार वाटत नव्हतं. तिच्या मनात एकच हिशेब चालायचा, आता दिवस भरत आले असतील, आता झाली असेल, सुटली असेल की नसेल. नर्सिंग शिकलेली पोर, पण स्वतःच्या बाळंतपणाला जवळ कोण असेल? भाड्याच्या खोलीत, परक्या गावात, खरं नाव सांगायचीसुद्धा चोरी. दवाखान्यात नाव लिहिताना कुठलं लिहिलं असेल?

पेपर फोडणारे सापडले. त्यांना पकडायला कुणाचं कुलूप उघडावं लागलं नाही, त्यांच्यातलाच एक पैशांच्या वाटणीवरून भांडून पोलिसांकडं गेला. शिवांश पुन्हा लातूरला गेला. बंदी मात्र उठली नाही. आता प्रश्न पेपरचा नव्हता. सरकार आणि कंपनी दोघंही हटायला तयार नव्हती. मग एक दिवस बातमी आली की कंपनीनं सरकारशी काही तरी ठरवलं आणि ॲप सुरू झालं.

सिंधू बाजाराच्या दिवशी उजमाकडं गेली. फोन तिच्याकडं नव्हताच. उजमानं स्वतःच्या फोनात ॲप उघडलं. पाखरू तेच होतं. मग तिनं खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

"काकी, हे आता पयल्यासारखं न्हाई ऱ्हायलं. मागितलं तर कुणी कुणाला लिहिलं ते देणार, असं लिहिलंय."

"दीपीनं बी वाचलं असंल का हे?"

"वाचलं असंल. तिला समजतं सगळं."

दीपमालाच्या नावापुढं काहीच आलेलं नव्हतं. उजमा म्हणाली, ती हुशार आहे म्हणून गप्प आहे. सिंधूनं हो म्हटलं. पण गप्प राहणारी हुशार लेक आणि या जगात नसलेली लेक, इथं दुकानात बसून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. ती तशीच बसून राहिली, शेवटची एसटी चुकेल म्हणून उजमानंच तिला हाताला धरून उठवलं.

घरी आली तेव्हा ग्यानोबा ओसरीवर एकटाच होता. टीव्ही बंद होता. ती आत जायला लागली तसं त्यानं घसा खाकरला.

"सिंधू," तो म्हणाला. तो तिला नावानं कधी हाक मारत नसे. "काई कळलं का?"

"कशाचं?"

त्यानं अंगणाकडं तोंड फिरवलं. "पोरगा झाला का पोरगी?"

सिंधूनं पिशवी खाली ठेवली. तिला वाटलं आपल्याला राग येईल, पण आला नाही. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच भिंतीला टेकून बसली.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली.